ओटा, गच्ची आणि मागचं दार

गेल्या महिन्यातले दोन वीकेंड सांगलीत गेले. काम तसं रुक्षच होतं. आमचं विश्रामबागेतलं घर पाडून तिथे चार मजली इमारत बांधायचा प्रस्ताव एका बिल्डरने दिलाय, आणि त्याला घराचा मूळ मंजूर नकाशा हवा होता. बाबा म्हणाले, "तू इंजिनियर ना, तूच शोध." (मी कॉम्प्युटरवाला इंजिनियर आहे हे बाबांना गेली कित्येक वर्षं पटवून देतोय. असो.)

नकाशा मिळाला माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत. निळा कागद, त्यावर पांढऱ्या रेघा, घड्यांवर विरलेला. साल १९६१. एका कोपऱ्यात नगरपालिकेचा शिक्का, दुसऱ्या कोपऱ्यात आजोबांची सही. आजोबा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, त्यामुळे स्वतःच्या घराचा नकाशा त्यांनी स्वतःच काढला होता. सुवाच्य अक्षर, प्रत्येक खिडकीला नंबर. आमच्याकडच्या डिझाईन डॉक्युमेंटपेक्षा कितीतरी नेटका, खरं सांगतो.

डायनिंग टेबलावर तो पसरला तर आजी चष्मा लावून शेजारी येऊन बसली. आजी आता शहाऐंशी वर्षांची आहे. तिने बराच वेळ काही न बोलता बघितलं आणि मग घराच्या मागच्या अंगाला, संडासाच्या खोलीवर बोट ठेवलं. "हे दार बुजवलं तेव्हा तुझा बाबा शाळेत जात होता."

मी बघितलं. चार बाय चारची ती खोली, आणि तिला दोन दारं. एक आतल्या बोळातून, दुसरं बाहेर मागच्या अंगणात उघडणारं. घर लहानपणापासून पाहतोय, पण तिथे कधी दुसरं दार होतं हे मला माहीतच नव्हतं.

तेव्हापासून हा नकाशा डोक्यात बसलाय. आपण जुन्या घरांबद्दल बोलतो तेव्हा वाड्यांबद्दल बोलतो. वाड्यांवर कॉफी टेबल पुस्तकं निघतात, फोटो फॉरवर्ड होतात. पण वाडा आणि फ्लॅट यांच्या मधली जी घरं आहेत, १९४५ ते १९७५ च्या दरम्यान बांधलेली, सपाट गच्चीची, खिडक्यांवर काँक्रीटचे छज्जे असलेली, फाटकावर उगवत्या सूर्याची जाळी असलेली, त्यांच्याबद्दल कुणीच काही बोलत नाही. सांगलीत विलिंग्डन कॉलेजपासून वालचंद कॉलेजच्या मागच्या गल्ल्यांपर्यंत, साताऱ्यात पेठांच्या बाहेर, अशी घरं अजून दिसतात. दर वर्षी थोडी कमी होतात. जगभर याच काळातल्या घरांना 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' असं भारदस्त नाव आहे आणि कॅलिफोर्नियात त्यांची किंमत कोटीत जाते. आपल्याकडे त्यांना 'जुना बंगला, प्लॉट चांगला' म्हणतात.

आधी काय होतं ते सांगतो, म्हणजे काय बदललं ते कळेल.

आजीचं माहेर साताऱ्याचं, शनिवार पेठेतला वाडा. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर, वर माडी, मागे परसू. त्या घराची रचना ही खरं तर माणसांची उतरंड होती. कोण कुठपर्यंत येणार हे ठरलेलं. पैपाहुणे आणि कुळं ओसरीवर, घरातले पुरुष सोप्यावर, बायका माजघरात आणि त्याच्याही आत. जितकं आत जाल तितका उजेड कमी. बाळंतिणीची खोली तर आजी सांगते दुपारीसुद्धा कंदील लावल्याशिवाय दिसायची नाही. (कंदील अर्थात 'प्रभाकर'. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा. सातारा जिल्ह्यात दुसरा कंदील घेणं म्हणजे फितुरीच असावी.) स्वयंपाक जमिनीवर, चुलीपुढे पाटावर बसून. चूल, विळी, पाटा-वरवंटा, जातं, सगळं जमिनीवर. जेवणं जमिनीवर. संडास परसाच्या पार टोकाला, टोपलीचा, आणि त्याला लागून मागचा बोळ. मैला वाहून नेणारी माणसं त्या बोळातून यायची आणि तिथूनच जायची. घरातल्या लोकांनी त्यांचं तोंड न पाहता आयुष्य काढावं अशी व्यवस्था.

आता या घराच्या जागी दुसरं घर कुठून आलं? पुस्तकात वाचलं तर उत्तर मिळतं बाउहाउस, ल कॉर्ब्युझिए वगैरे. ते खोटं नाही. आचऱ्याचे अच्युत कानविंदे १९४५ ते ४७ हार्वर्डला ग्रोपियसच्या हाताखाली शिकून आले आणि पुढे देशातल्या आधुनिक वास्तुकलेतलं मोठं नाव झाले. पण विश्रामबागेत घर बांधणाऱ्या ओव्हरसियर, मास्तर, वकील, डॉक्टर यांना ग्रोपियस कुठला माहीत असायला! त्यांच्यापर्यंत नवं घर पोचलं ते इंजिनियरांच्या हातून.

पुण्याचे र. श्री. देशपांडे हे त्यातलं महत्त्वाचं नाव, आणि मला तर हा माणूस म्हणजे आपल्याच जातीचा वाटतो (जात म्हणजे इंजिनियर हो, गैरसमज नको). त्यांनी 'रेसिडेन्शियल बिल्डिंग्ज सूटेड टु इंडिया' (१९३१), 'चीप अँड हेल्दी होम्स फॉर द मिडल क्लासेस ऑफ इंडिया' (१९३५), 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया' (१९३९) अशी एकामागून एक पुस्तकं लिहिली, आणि मराठीत 'सुलभ वास्तुशास्त्र'. नावं बघा नुसती. चीप आणि हेल्दी. हल्लीच्या भाषेत म्हणजे 'डू इट युवरसेल्फ'. ज्याला आर्किटेक्ट परवडत नाही त्याने पुस्तक उघडावं, नकाशे बघावेत, हवा-उजेडाचा विचार करावा आणि गवंड्याला सांगावं. आजोबांच्या ट्रंकेत नकाशाखाली मराठी पुस्तकाची कव्हर गेलेली प्रत मिळाली. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा.

दुसरा जोर सिमेंटवाल्यांचा होता. १९३७ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये आर्किटेक्टांच्या संस्थेने 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं, त्याला लाखाच्या आसपास लोक येऊन गेले. काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडियाने आधुनिक घरांच्या फोटोंची पुस्तकं काढली. सिमेंट खपवायचं होतं, उघड आहे. पण स्वच्छ, उजेडाचं, कोपरे गोलसर, जिथे धूळ साठत नाही असं घर हे 'चांगल्या माणसांचं' घर, ही कल्पना त्यातूनच पसरली.

आणि तिसरा जोर अगदी आमच्या दारातला, किर्लोस्करवाडी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर कारखाना आणि वसाहत उभी केली. हा माणूस आधी मुंबईत व्हीजेटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवायचा. म्हणजे पुन्हा नकाशाच. ओळीत आखलेली घरं, बागा, शाळा असलेलं ते गाव बघायला लोक मुद्दाम जात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथून मासिकं निघत. १९२० पासून 'किर्लोस्कर खबर' (पुढे नुसतं 'किर्लोस्कर') आणि १९३० पासून 'स्त्री'. नांगराच्या कारखान्याच्या आवारातून बायकांचं मासिक निघतं हे आज सांगितलं तर स्टार्टअपचा पिव्होट वाटेल! आजीच्या माहेरी 'स्त्री' यायचं. ओसरीवर यायचं आणि माजघरात वाचलं जायचं.

पण नुसत्या पुस्तकांनी आणि मासिकांनी लोक घर सोडत नाहीत. आमच्या भागात घरं सुटली त्याची कारणं वेगळी होती, आणि ती सांगताना घरातले लोक अजूनही आवाज खाली आणतात.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला, आणि त्यानंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्यातून सुटला नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' याच दिवसांवर आहे. आजोबांचा कऱ्हाडजवळच्या गावातला वाडा त्यात गेला. आजोबा तेव्हा शाळेत होते. त्याबद्दल ते आयुष्यभरात माझ्याशी एकदाच बोलले, तेही तुळईंबद्दल. सागवानाच्या तुळया तीन दिवस धुमसत होत्या म्हणाले. त्याच वर्षी कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'ने कसणारे मालक झाले. जमीन गेली. इथे मला स्पष्ट लिहायला हवं, की घर जाळणं हा गुन्हा होता आणि जमीन कसणाऱ्याला मिळणं हा न्याय होता. आमच्या घरात या दोन गोष्टी एकाच दमात, एकाच तक्रारीच्या सुरात सांगितल्या जातात, आणि मला ते कधीच पटलेलं नाही. पण घराच्या इतिहासापुरतं बोलायचं तर परिणाम एकच झाला. गावातला वाडा नाही, शेत नाही, उरलं शिक्षण आणि नोकरी. पुणे-मुंबई गाठणारे गेले. बाकीचे सांगली-साताऱ्यात आले आणि त्यांनी पाच-सहा हजार चौरस फुटांचे प्लॉट घेतले. (१९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला होता, त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. म्हणजे जिल्ह्याचं नावसुद्धा घरापेक्षा एकाच वर्षाने मोठं!)

मग सपाट, कोरी, लाकडाचं कमीत कमी काम असलेली ही घरं मला वेगळी दिसायला लागतात. आजोबांच्या नकाशात लाकूड फक्त दारं-खिडक्यांना आहे. छप्पर काँक्रीटचं, जिना काँक्रीटचा. मी आजीला विचारलं, जळण्याच्या भीतीने का? ती म्हणाली, "काय की बाबा. सागवान महाग होतं." दोन्ही खरं असू शकेल.

आता प्रत्यक्ष नकाशा. पुढे व्हरांडा, मग हॉल, हॉलच्या एका बाजूला दोन बेडरूम, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर आणि कोठीची खोली, मागे न्हाणी आणि संडास. आज आपल्याला यात काहीच विशेष वाटणार नाही. पण आजीच्या डोळ्यांनी बघा. माजघर नाहीये. पुरुषांचं घर आणि बायकांचं घर यांच्यामध्ये जी काळोखी जागा होती ती नकाशातून पुसून टाकलीये. हॉलमध्ये बसलेल्या माणसाला स्वयंपाकघराचं दार समोर दिसतं. आजी म्हणते पहिलं वर्षभर तिला चहा घेऊन 'बाहेर' जायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटे. मग सवय झाली, आणि मग ती चहा देऊन तिथेच बसायला लागली. सासरे आले की मात्र उठायची.

आणि ओटा! मला विचाराल तर या घरांमधली सगळ्यात क्रांतिकारक गोष्ट गच्ची नाही, हॉल नाही, ओटा आहे. शहाबादी फरशीचा, भिंतीला लागून, खिडकीखाली. हजारो वर्षं बसून होणारा स्वयंपाक एका पिढीत उभ्याने व्हायला लागला. याची तुलना करायची तर १९२६ सालच्या फ्रँकफर्ट किचनशी करावी लागेल. मार्गारेट श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी कामगार वसाहतींसाठी ते बनवलं. साधारण १.९ बाय ३.४ मीटरची खोली, रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकघरासारखी, प्रत्येक वस्तू हाताशी, बाईची पावलं मोजून आखलेली. तशी दहा हजारांच्या आसपास किचन्स बसवली गेली. आज आपण जे 'मॉड्युलर' म्हणून लाखो रुपये मोजतो त्याची ही आजी.

आमच्या आजीच्या ओट्यासाठी मात्र कुणी काही मोजलं नाही. मी टेप लावून बघितलं, ओटा चौतीस इंच उंच आहे. आजीची उंची तेव्हा चार फूट दहा इंच, आता त्याहून कमी. आजोबांनी गवंड्याला आकडा दिला, गवंड्याने ओटा बांधला, आणि पहिल्या दिवशी लक्षात आलं की स्टोव्हवर ठेवलेल्या पातेल्यात काय चाललंय ते आजीला दिसतच नाही. ओटा काही तोडता येत नव्हता. मग आजीने काय केलं? सासूबाईंचा पाट, ज्यावर बसून त्या चुलीपुढे स्वयंपाक करायच्या, तो ओट्याखाली ठेवला आणि त्यावर उभी राहिली. पुढची पन्नास वर्षं तिने त्या पाटावर उभं राहून स्वयंपाक केला. पाट अजून आहे, मधोमध दोन पावलांच्या जागी गुळगुळीत झालाय.

मी म्हणालो, आजी, गुडघ्यांना बरं झालं असेल ना, उठबस वाचली. ती म्हणाली गुडघ्यांना बरं झालं, पण पोटऱ्या दुखायच्या. आणि दुसरं म्हणजे, जमिनीवर बसलं की चार जणी गोल बसतात, एक भाजी चिरते, एक पोळ्या लाटते, गप्पा होतात. ओट्यापाशी एकच बाई मावते आणि तिचं तोंड भिंतीकडे. "खिडकी होती म्हणून, नाहीतर वेडच लागलं असतं." फ्रँकफर्टच्या बाईंनी निदान फिरतं स्टूल दिलं होतं हो. आमच्याकडे ते डिझाईनमधून गळलं.

त्यात भरीला उपकरणं. आधी प्राइमसचा स्टोव्ह, मग प्रेशर कुकर (हॉकिन्स आणि प्रेस्टिज दोन्ही १९५९ चे), मग कधीतरी गॅस. ही सगळी ओट्यावरची यंत्रं. जमिनीवरच्या पाट्या-वरवंट्याला आणि जात्याला नव्या घरात जागाच आखलेली नव्हती. जातं मागच्या व्हरांड्यात गेलं आणि मग त्यावर तुळशीची कुंडी बसली.

नकाशात आणखी एक गोष्ट नाहीये, आणि ती आजीनेच दाखवली. बाजूला बसायची जागा. साताऱ्याच्या वाड्यात पाळीच्या तीन दिवसांत बायका मागच्या पडवीत बसायच्या, वेगळं अंथरूण, वेगळं ताट. विश्रामबागेच्या घरात पडवी नव्हती. पहिले काही महिने आजी कोठीच्या खोलीत बसली, पण कोठीतूनच स्वयंपाकघरात जावं लागे आणि सासूबाईंचा शिवाशिवीचा सगळा हिशेब चुकायचा. शेवटी सासूबाई वैतागून म्हणाल्या, राहू दे, या घरात काही पाळता येत नाही. संपलं. ना व्याख्यान, ना चळवळ, ना 'स्त्री' मासिकातला लेख. एक खोली कमी पडली आणि एक रूढी बंद झाली. सगळ्या घरांत असं झालं असं मी म्हणणार नाही, कित्येक ठिकाणी टू बीएचकेमध्येसुद्धा लोक पाळतात. पण आमच्या घरात सुधारणा आली ती क्षेत्रफळाच्या अडचणीतून आली.

मला हे ऐकून फार भारी वाटलं. वाटलं, बघा, चांगला नकाशा माणसं बदलतो. मग आजीने पुन्हा त्या मागच्या दारावर बोट ठेवलं.

तर ते दार. संडास घराच्या आत आणणं हा नव्या घरांचा मोठा धीटपणा होता. वाड्यात परसाच्या टोकाला असलेली गोष्ट स्वयंपाकघरापासून वीस फुटांवर आली, ते शक्य झालं सेप्टिक टँकमुळे. मैला कुणी डोक्यावरून नेण्याची गरज उरली नाही. मैला वाहणाऱ्यांच्या हालांची चौकशी करायला मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे समिती नेमली होती, कोकणात अप्पासाहेब पटवर्धन स्वतः संडास साफ करत आणि नव्या पद्धतीचे संडास बांधत होते. हे सगळं आजोबांना माहीत होतं, खात्यातलाच माणूस. आमच्या घराला पहिल्या दिवसापासून सेप्टिक टँक आहे.

तरीही दोन दारं. कारण भांडं धुवायला कुणीतरी येणार, आणि ते कुणीतरी घरातून चालत जाणार नाही. तंत्रज्ञानाने गरज संपवली होती, ओव्हरसियरने दार ठेवलं. आणि हे काही आमच्या आजोबांचंच डोकं नव्हे, त्या काळच्या बंगल्यांत अशी दारं सर्रास दिसतात. माझ्यासारख्याला कळणाऱ्या भाषेत सांगायचं तर नवी सिस्टिम लिहिली, पण जुना इंटरफेस तसाच चालू ठेवला.

कोण यायचं, मी विचारलं. "एक बाई यायची सकाळी. पाणी आम्ही वरून ओतायचो, ती झाडायची. सणाला शिळंपाकं न देता ताजं द्यायचे हो मी." नाव काय तिचं? आजी थांबली. तिला १९६१ सालचा विटांचा भाव आठवतो, गवंड्याचं नाव आठवतं, त्याच्या मुलाचंही. त्या बाईचं नाव आठवेना. "ती आली, ती गेली, असंच म्हणायचो आम्ही." तेरा-चौदा वर्षं रोज सकाळी घरी येणारी बाई.

दार बंद झालं तेही कुठल्या तत्त्वाने नाही. त्या बाईच्या मुलाला नोकरी लागली आणि त्याने आईचं काम थांबवलं. दुसरं कुणी मिळेना. मग आजी स्वतः ॲसिड टाकून धुवायला लागली, दाराचा उपयोग उरला नाही, घुशी यायला लागल्या, म्हणून विटा लावल्या. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदीचा कायदा झाला १९९३ मध्ये, आणि तो पुरेना म्हणून पुन्हा २०१३ मध्ये. आमचं दार त्या मानाने लवकर बुजलं म्हणायचं.

गच्चीबद्दल थोडंसं, कारण तिच्याशिवाय या घराचा फोटोच पुरा होत नाही. ल कॉर्ब्युझिएने सपाट छतावर बाग कल्पिली होती. सांगलीत तिथे सांडगे, कुरडया आणि पापड आले. एप्रिलमध्ये गच्ची म्हणजे बायकांचं राज्य, आणि हे माजघरातलं नव्हे, उघड्या आभाळाखालचं. आत्या कॉलेजचा अभ्यास गच्चीवरच करायची, कारण घरात ती एकच जागा होती जिथे हाक ऐकू आली नाही असं सांगता यायचं. पण खाली राहणाऱ्यांचे हाल! साडेचार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत ओकतो. मंगलोरी कौलांच्या फटींतून गरम हवा निघून तरी जायची. त्यामुळे दर मार्चमध्ये गच्चीला चुना फासणे आणि दर जूनमध्ये गळती शोधणे हे दोन कुळाचार नव्या घराने सुरू केले. सिमेंटसुद्धा तेव्हा परमिटवर मिळायचं. निम्मं नियंत्रण उठलं १९८२ च्या फेब्रुवारीत, त्याच्या आदल्याच महिन्यात सिमेंट वाटपाच्या प्रकरणात मुख्यमंत्री अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली होती. पूर्ण नियंत्रण गेलं १९८९ ला. तेव्हा १९६१ साली स्लॅब टाकणं म्हणजे काय भानगड होती याची कल्पना करा. आजोबा खात्यात असून त्यांना पोत्यांसाठी चार महिने थांबावं लागलं.

स्लॅबवर लोकांचा खरा विश्वास बसला तो मात्र ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. साडेसहाच्या आसपासची तीव्रता, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगरमधली बहुतेक घरं पडली. दख्खनचं पठार स्थिर असतं अशी तोवर समजूत होती. त्या भूकंपानंतर १९७० मध्ये देशाचा भूकंप-नकाशा बदलावा लागला आणि त्यातला 'शून्य' हा विभागच काढून टाकला. पाटण तालुक्यात मेलेले लोक मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींखाली मेले. अशा भिंतीला आतून-बाहेरून दोन थर असतात, हादरा बसला की ते सुटे होतात आणि वरचं वजन खाली येतं. साताऱ्यात आजीच्या माहेरची माडीची भिंत फुगली. भावाने माडी उतरवून वर पन्हळी पत्रे घातले. म्हणजे जो वाडा आपण 'मजबूत' म्हणून डोळे भरून बघतो त्याचा वरचा मजला जाऊन आता सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं झाली. पुढच्या वीसेक वर्षांत कृष्णाकाठी ऊस आणि सहकारी कारखाने वाढले, तसा हाच नकाशा गावोगाव गेला, आणि 'स्लॅबचं घर' हा मुलगी देताना विचारायचा प्रश्न झाला. १९४८ मध्ये ज्यांची घरं जळली त्यांनी बांधलेल्या आणि कुळकायद्यात ज्यांना जमीन मिळाली त्यांनी बांधलेल्या घरांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले, तर कुठलं कुणाचं हे ओळखता येणार नाही, असं मला आता वाटतं. मागची दारं होती की नव्हती तेवढं बघावं लागेल.

बिल्डरचा माणूस रविवारी आला. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं, तेव्हापासून गावभागातले लोक इकडे उंचावर घर शोधतायत, वगैरे त्याने बाबांना सांगितलं. मी त्याला निळा नकाशा दाखवला. त्याने मोबाईलवर फोटो काढला, प्लॉटची मापं टिपून घेतली आणि घराकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. मी स्वतः पुण्यात अकराव्या मजल्यावर राहतो, बंगला ठेवा असं सांगायचा मला काय अधिकार? बाबांचे पाय आता जिना चढत नाहीत, गळती दर वर्षी नव्या जागी निघते. बहुधा आम्ही सही करू.

मग त्याने त्याचा नवा प्लॅन टेबलावर, जुन्याच्या वरच, पसरला. रंगीत, थ्री-डी, गच्चीवर न उगवणारी झाडं. प्रत्येक मजल्यावर दोन फ्लॅट, ओपन किचन. आजी परत चष्मा लावून वाकली आणि नेमकं तळमजल्यावर, पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे एक चार बाय चारची खोली होती, तिला बाहेरूनच दार.

"हे कुणाचं?"

"ते वॉचमन आणि कामवाल्या बायकांसाठी टॉयलेट आहे आजी. वर फ्लॅटमधलं वापरायला नको म्हणून."

आजीने मान हलवली. मग बोट हळूहळू वर सरकवत किचनपर्यंत नेलं आणि तिथे बराच वेळ काहीतरी शोधत राहिली.

"ओट्याची उंची लिहिलेली नाही यात," ती म्हणाली.